पंपाच्या पोटातलं चामडं

आमच्या घरच्या आडावर हातपंप बसवायचा हे मी ठरवलं, आणि ठरवून झाल्यावर घरात सांगितलं. पाथरीची शाळा सोडून मी नुकताच गावी आलो होतो. संस्थानाच्या सरहद्दीपलीकडून, वऱ्हाडातून चोरून येणारी पत्रकं वाचून डोकं इतकं तापलेलं असे, की मीठ मागतानाही माझ्या तोंडी ‘जुलूम’ हा शब्द यायचा. रयतेला न विचारता तिच्यावर हुकूम लादणारं राज्य टिकत नाही, हे मी गोठ्यातल्या गड्यांनाही ऐकवत असे. मी जेवायला बसलो की आबा मायला विचारायचे, “आज काय फरमान निघालं?”

पंपाचं कारण मात्र खरं होतं. आत्या, आबांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. गळ्यात तुळशीची माळ. पहाटे अंघोळ झाली की ओल्या लुगड्यानंच ती स्वतःच्या तांब्याच्या घागरीत स्वतःपुरतं पाणी शेंदून ठेवायची. त्या घागरीला घरात दुसऱ्या कुणाचा हात लागत नसे. आदल्या पावसाळ्यात ती गोठ्यापाशी घसरून पडली आणि तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. तरी शेंदणं सोडीना. डाव्या हातानं दोर ओढायची, ओढलेला दोर पायाखाली दाबून धरायची, पुन्हा ओढायची. “वैनीला सांग की शेंदायला,” असं म्हटलं की म्हणायची, “माझं पाणी हाय, माझं मी बघते.”

पूर्णेच्या स्टेशनात इंजिनांना पाणी भरायच्या नळावर काम करणारा एक मिस्त्री माझ्या ओळखीचा झाला होता. त्यानं जुना पंप मिळवून दिला आणि रजा काढून बसवायलाही आला. आडाच्या काठावर त्यानं सगळे भाग मांडले. त्यातच वाटीच्या आकाराचा चामड्याचा एक तुकडा होता. तो वायसर. दांडा वर-खाली झाला की तोच नळीत घट्ट बसून पाणी वर ओढतो, हे मिस्त्रीनं मला समजावलं.

आत्या लांब, दारातच उभी होती. तिनं तिथून विचारलं, “त्येच्या पोटात काय काय हाय रे?”

मिस्त्री बोलणार, तेवढ्यात मी म्हणालो, “लोखंड हाय आत्या. अन् रबर.”

मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं आणि वायसर मुठीत घेतला.

मला त्या क्षणी काहीच वाटलं नाही. सोवळ्या-ओवळ्याविरुद्धचं एक पत्रक मला तोंडपाठ होतं. चामड्यानं पाणी बाटतं असं मानणाऱ्या म्हातारीला एका शब्दानं श्रमातून सोडवलं, यात पाप कसलं? उलट मी इतका खूष होतो की त्याच दुपारी आडावरचा रहाट उपटला. खांब चुलीत गेले, चाक गोठ्याच्या कोपऱ्यात. जुनं परत यायला वाटच ठेवायची नाही, असं भाषणही मी केलं. ऐकायला एक वासरू होतं.

आत्या वर्षभर पंपाचं पाणी प्यायली. दांडा डाव्या हातानंही सहज हलायचा. शेजारच्या बाया आल्या की त्यांना दाखवायची, “माझ्या भाच्यानं माझ्यासाठी आणलाय.” हे ऐकताना मला आत कुठंतरी बोचायला हवं होतं. मी मान ताठ करून उभा असायचो.

चैत्रात पंप कोरडा पडला. दांडा नुसता खडखडायचा. वरून तांब्याभर पाणी ओतलं तरी पकडेना. मी पंप खोलला. उन्हानं चामडं वाळून आक्रसलं होतं. मिस्त्रीनं सांगून ठेवल्याप्रमाणं ते करडीच्या तेलात भिजत घातलं, तेही गोठ्यात, भांड्यावर पाटी पालथी घालून. मऊ झाल्यावर निथळायला म्हणून घटकाभर भिंतीवर ठेवलं आणि पाना शोधायला आत गेलो.

बाहेर आलो तर अंगणात आमचं कुत्रं. पुढच्या पायांत काहीतरी धरून मन लावून चावत होतं. आत्या तुळशीपाशी उभी राहून बघत होती.

“अरं,” ती म्हणाली, “कुत्रं तुझं रबर खायलंय बघ.”

वैनी खुदकन हसली. मायही हसली. मग माझं तोंड पाहून दोघी आत गेल्या.

मी कुत्र्याला हाकललं. ते तोंडातलं टाकून पळालं. मला वाटलं, आत्या आता मागं सरेल, अंगावर पाणी ओतून घेईल. ती वाकली. डाव्या हातानं चामडं उचललं, धूळ झटकली आणि माझ्या तळव्यावर ठेवलं. “धर. नीट हाय अजून. बसव. घरात पाणी पायजे.”

पंप सुरू झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे मला दगडावर दोर घासल्याचा आवाज आला. रहाट नव्हताच. आत्या काठावर वाकून, एका हातानं, पायाखाली दोर दाबत पोहरा ओढत होती. निम्मं पाणी दगडांवर आपटून सांडत होतं.

मी धावलो. “आण इकडं.”

“सर तिकडं. पाय घसरंल माझा.”

मग मी माझं नेहमीचं सुरू केलं. चामड्यानं पाणी बाटत नसतं, हे भोळ्या लोकांना अंधारात ठेवायचे धंदे आहेत वगैरे. आत्यानं पोहरा काठावर ठेवला.

“मोट काय रेशमाची असती व्हय रे?”

तिनं पायाखालचा दोर काढून गुंडाळला.

“मळ्यात मोटंचं पाणी पिऊनच वाढले मी. माळ घेतल्यावरबी पिले. चामड्याचं मला काय सांगायलास?”

“मग पंपाचं का न्हाई?”

“तू इचारलंच न्हाईस. म्हातारीला काय कळतंय, रबर म्हन अन् पाज. गाईला नळीनं औषध पाजतेत तसं.” तिला धाप लागली होती. “खायचं तुमी देता, नेसायचं तुमी देता. मी काय प्यावं, येवढंच मी ठरवत हुते.”

ओसरीवर आबा दात घासत बसले होते. त्यांनी चूळ टाकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “फरमान काढायला गादी लागत न्हाई म्हन की.”

चामड्याची मोट मी जन्मापासून पाहत आलो होतो. आमच्याच मळ्यात बैल ती ओढायचे, विहिरीच्या धावेवर बसून मीही ते पाणी प्यायलो होतो. तरी आत्याला काय चालेल आणि काय नाही, हे मी पत्रकातून ठरवलं होतं.

गोठ्यातलं चाक काढलं. कण्यावर गंज चढला होता तो घासला. बाभळीचे नवे खांब पुरले, पण पहिल्याइतके उंच नाही. चाक कमरेशी येईल असं बसवलं, म्हणजे हात वर न्यावा लागू नये. पोहराही लहान आणला. आत्या तुळशीपाशी बसून सगळं बघत होती. एकदा म्हणाली, “डावीकडं कललंय.” खरंच कललं होतं.

काम झाल्यावर मी तिच्यासमोर उभा राहिलो. “आत्या, इचारायलोय. पंपाचं पाणी घेशील का? चामडं हाय त्येच्यात.”

“न्हाई.”

“का?”

“इचारलंस, सांगितलं. आता का म्हनून इचारतूस?”

मला वाटलं होतं, विचारलं की ती हो म्हणेल. विचारण्याचीही मी किंमत लावून बसलो होतो.

त्या पावसाळ्यात मी स्वतः एक पत्रक लिहिलं, सारावसुलीबद्दल. रयतेला विचारल्याशिवाय तिच्या घासाला हात घालायचा हक्क कुणालाच नाही, असं त्यात होतं. ते मी ओसरीवर आबांना हळू आवाजात वाचून दाखवत होतो. आत्याही खांबाला टेकून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “बरं लिवलंस. खरं लिवलंस.”

टोमणा मारते आहे का, म्हणून मी तिच्याकडं पाहिलं. तिचा चेहरा साधा होता. तिनं घागर काखेत घेतली आणि आडाकडं गेली. चाक कुरकुरायला लागलं. मी कागद आबांच्या हातात दिला आणि करडीच्या तेलाची वाटी घेऊन तिच्या मागं गेलो. पाणी ओढून होईपर्यंत बाजूला उभा राहिलो. मग विचारलं, “तेल घालू का?”

“घाल,” ती म्हणाली. “घागरीला तेवढा हात लावू नको.”