धारोष्ण दूध, इंग्रजी डोंगर आणि तालमीचा फेटा

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून मी इंग्लंडला निघालो तो कारखान्याच्या खर्चाने, ओतकामाचं शिक्षण घ्यायला. पण तिकडे लेक डिस्ट्रिक्टमधल्या एका खेड्यात डोंगर पळत चढायची शर्यत असते आणि मी ती पळणार, हे तालमीत बोलून बसलो. झालं! निघायच्या दिवशी दस्तगीर वस्तादांनी हलगी लावून माझ्या डोक्याला गुलाबी फेटा बांधला.

"शर्यत पुरी झाली की ह्योच बांधून फोटू काढ. तालमीत लावायचा हाय."

अजून एक पाऊल पळलो नव्हतो आणि सत्कार उरकलाही होता.

तिकडे जाणार असाल तर रेल्वेने तालुक्याच्या गावी उतरा, पुढे बस. रविवारी बस असेलच असं नाही, आधी विचारून घ्या. मुक्काम हॉटेलात नको; शेतकऱ्यांच्या घरी न्याहारीसकट खोली स्वस्तात मिळते. मी मार्गारेटबाईंकडे उतरलो. शर्यतीच्या सकाळी बाई गाईची धार काढत होत्या. फेसाळ दूध बघून मला आपला दूधकट्टा आठवला, समोर म्हैस पिळून हातात गरम पेला देतात तो. मी तांब्याभर मागितलं.

"कच्चंच? आणि शर्यतीआधी?" बाईंनी विचारलं.

"आमचे पैलवान यावरच वाढतात," मी छाती फुगवून म्हणालो आणि आणखी एक तांब्या रिचवला. वर फेट्याची हकीकत सांगून बाईंना शेवटच्या रेषेवर कॅमेरा घेऊन यायलाही सांगितलं.

फेटा कमरेला गुंडाळून पळालो. तिथे पायवाट अशी नसतेच. नेचे, दलदल, मेंढ्या आणि नाकाला लागेल असा चढ. माथ्यावरच्या दगडांच्या ढिगाला हात लावून परत यायचं. कॅनव्हासचे बूट नेऊ नका, तळाला खिळे असलेलेच न्या. मी अर्ध्यावर असताना पोटात दूध बोलू लागलं. दगडी बांधामागे धावलो. पाणी नाही, कागद नाही. शेवटी फेटा वापरला. तालमीचा फेटा! तो दगडाखाली पुरताना लाजेने कान तापले होते.

"बरं वाटत नाही का? इथून खाली सोपी वाट आहे," वाट दाखवायला उभा असलेला माणूस ओरडला. मी नको म्हणालो. फेटा गेला होता, निदान शर्यत तरी पुरी व्हायला हवी होती.

उतार बराचसा बसूनच उतरलो आणि सगळ्यांत शेवटी पोचलो. अख्खं गाव टाळ्या वाजवत थांबलेलं.

"फेटा कुठाय?" कॅमेरा सरसावत बाई म्हणाल्या.

"पडला वाटेत."

तर ती भली माणसं हातातला चहा ठेवून तो शोधायला डोंगराकडे निघाली! मग मात्र खरं सांगावंच लागलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

कोल्हापूर स्टेशनवर हलगी वाजत होती. वस्ताद हार घेऊन पुढे आले.

"फोटू दाव की!"

इथे थाप मारायची छाती झाली नाही. दुधापासून दगडापर्यंत सगळं सांगितलं. हलगी थांबली.

"दोन तांबं दूध पिऊन डोंगर चढलास? म्हशीला तरी कळतं की रं!" वस्ताद गरजले. मग हळू आवाजात म्हणाले, "शर्यत पुरी केलीस का न्हाय?"

"केली. शेवटचा आलो."

त्यांनी स्वतःचा फेटा उतरवला. ते डोकं मी जन्मात उघडं पाहिलं नव्हतं. भर स्टेशनात तो माझ्या डोक्यावर ठेवून ते म्हणाले, "बोलवा फोटूवाल्याला."

डोंगर सुंदर आहे, जरूर जा. सकाळी ओटची पेज खा. माझा फोटो अजून तालमीत आहे, वस्ताद मात्र आता नाहीत. येणारे म्हणतात, फेटा शोभतोय तुम्हाला. मला मात्र शेजारी बोडक्या डोक्याने ताठ उभे असलेले वस्तादच दिसतात. त्या फोटोसमोर मला अजून मान वर करता येत नाही.