इनासचा हात

मालवणच्या दांडीवर राहणाऱ्या लिनोनं घरामागच्या दोन माडांना तार बांधली, तेव्हा शेजारची तुळसा म्हणाली, "कपडे सुकत घालूक इतकी उंच दोरी कित्याक रे?" लिनो जहाजावर वायरलेस ऑपरेटर होता. पाय अधू झाल्यावर घरी बसला, पण कान काही स्वस्थ बसेनात. सरकारी परवाना काढून तो घरातूनच मोर्सचे ठोके मारत, कट्ट-कडकट्ट करत जगाशी बोलू लागला. त्याच्या कानांची कीर्ती मुंबईच्या हौशी रेडिओवाल्यांपर्यंत गेली. एकसष्ट साली सिलोनला जाऊन स्पर्धेत उतरायचं ठरलं, तेव्हा म्होरक्या दिघेसाहेबांनी पाचवा गडी म्हणून त्यालाच उचललं.

लिनो हवेत होता, तो मात्र दुसऱ्याच कारणानं. परतल्यावर जानेवारीत त्याचं लिंडाशी लग्न होतं. लिंडा ही त्याच्या जिवलग दोस्ताची, इनासची, विधवा. इनासही वायरलेसवालाच. सात वर्षांपूर्वी त्याचं जहाज आफ्रिकेच्या बाजूला बुडालं आणि 'कोणी वाचलं नाही' असं पत्र पाठवून कंपनी मोकळी झाली. लिनोनं पाच वर्षं लिंडाच्या दारात मुकाट्यानं सुंगटं, म्हणजे ताजी कोळंबी, पोचवली आणि सहाव्या वर्षी तोंड उघडलं. घाईचा माणूसच नव्हे तो!

कोलंबोजवळच्या एका बंगल्यात अठ्ठेचाळीस तासांची स्पर्धा. जितकी जास्त स्टेशनं गाठाल तितके गुण. गप्पा मारायला बंदी; आवाज कसा येतो ते सांगायचं, आपल्या विभागाचा आकडा द्यायचा, की पुढचा. दिघेसाहेब घड्याळ घेऊन पाठीशी उभे. दुसऱ्या दिवशी दुपारी आफ्रिकेतल्या लोरेन्सो मार्क्सहून एक स्टेशन आलं. लिनोनं आकडे लिहून घेतले आणि पेन्सिल तशीच धरून राहिला. शेवटचा ठोका ओढायची ती खोड! तो आणि इनास वायरलेस एकाच बाकावर शिकले होते; त्या खोडीपायी मास्तरांनी इनासच्या बोटांवर पट्ट्या मारल्या होत्या. माणूस नाव बदलील, गाव बदलील, ठोके मारायचा हात बदलत नाही.

"लिनो, पुढे!" दिघेसाहेब खेकसले.

लिनोनं नियम मोडून एकच शब्द पाठवला, "इनास?"

समोरचा गप्प झाला. अनोळखी असता तर त्यानं 'पुन्हा सांगा' म्हटलं असतं. ते स्टेशन परत काही आलं नाही. उरलेले सगळे तास लिनो खुर्चीला जखडल्यासारखा ठोके मारत राहिला.

घरी आल्यावर लिंडानं हौसेनं विचारलं, "कोणाकोणाशी बोललंस रे?"

"खूप जणांशी," लिनो म्हणाला.

सांगावं तर आपल्याच हातानं आपला संसार मोडायचा, न सांगावं तर दुसऱ्याची बायको घरात आणायची. इकडे आड तिकडे विहीर. इनासचा त्याला असा संताप आला! मेल्यानं मेलेलं तरी राहायचं होतं.

त्यांच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारतात आणि कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. पहिल्या रविवारी लिनो मान खाली घालून बसला. दुसऱ्या रविवारी तापाचं निमित्त करून गेलाच नाही. तिसऱ्या रविवारी पाद्र्यानं विचारलं आणि नवरदेवच उठून उभा राहिला.

"फादर, हरकत आसा. माझीच."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. लिनोनं सगळं सांगितलं, तसं तेही थांबलं.

बाहेर आवारात लिंडानं त्याला गाठलं. "फादराक जावन सांग, कान चुकलो म्हणान. माका चलात. कोण विचारूक येतलो नाय."

लिनोचा जीव तुटत होता. एक शब्द, की लिंडा त्याची.

"चुकलो नाय गो," तो म्हणाला. "त्याचोच हात."



"सकाळपर्यंत मी विधवा होतंय," ती म्हणाली. "आता मी कोण, ता तरी सांग."