बिस्किटाच्या डब्यातला दवाखाना

कळंबला आमच्या समोरच एक मोबाईल दुरुस्तीवाला राहतो. टाळेबंदीत दुकान बंद, म्हणून तो घरच्या ओट्यावरच बसायचा. मोबाईल हाती आला की आधी कानाला लावणार आणि डॉक्टरासारखं विचारणार, "जेवण घेते काय बरोबर?" जेवण म्हणजे चार्जिंग.

माझ्या नातीची शाळा तेव्हा मोबाईलवर भरायची. नऊ वर्षांची पोर, पण हसणंच विसरली होती. झोपेतही "हजर मॅडम" म्हणायची. मला तर बाई धास्तीच बसली. एकदा मोबाईल अडकला म्हणून तिला घेऊन ओट्यावर गेले. त्यानं मोबाईलपेक्षा पोरीकडेच जास्त पाहिलं.

"काकू, याले लय ताप हाय. दोन दिवस भरती करा लागते," म्हणाला आणि मोबाईल बिस्किटाच्या डब्यात ठेवला.

नातीनं अंगणात मातीची चूल मांडली. चिखलाच्या भाकरी मला तीनदा खाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी ओट्यावर गेले, तर डब्यात मोबाईल खणखणीत वाजून राहिला होता.

"काहून रे, हा तर चांगला बोलून राह्यला!"

"तापात बडबडते, काकू," तो मास्कच्या आडून म्हणाला.

तेवढ्यात गल्लीतच राहणाऱ्या तिच्या मॅडम आल्या. नात वर्गात दिसली नाही, म्हणून त्याच फोन लावत होत्या. आता हा सापडतो, असं मला वाटलं. मॅडमनं वाजणारा डबा पाहिला, समोर आमच्या अंगणात खिदळणारी पोर पाहिली आणि आपला मोबाईल त्याच्यापुढे धरला.

"भाऊ, यालेही भरती करून घ्या. मी दिवसभर याच्यातच, माझीही पोरगी घरी एकटीच जेवता जेवता रडते."