गळा काढणाऱ्या काकू

गल्लीतल्या बायका स्वेटर विणायच्या, पण गळ्यापाशी आल्या की त्यांचा धीर सुटायचा. पुढचा भाग, पाठ, बाह्या सगळं झोकात व्हायचं. कडेवरून टाके उचलून गळ्याची पट्टी विणायची म्हटलं की सुया खाली. मग ते सगळं पिशवीत कोंबून तिसऱ्या मजल्यावर काकूंकडे. समोर नव्याने राहायला आलेल्या बाईंनी एकदा जिन्यात ऐकलं, "चला, काकूंकडे गळा काढायला जाऊ," आणि बिचाऱ्या तोंड पाडून सांत्वनाला हजर झाल्या.

गळ्याला हात मात्र काकूंचाच लागायचा. कडेच्या तीन ओळींतून टाके उचलायचे, चौथी सोडून द्यायची, पुन्हा तीन. "प्रत्येक ओळीतून उचलाल तर झालर होईल," असं त्या येईल तिला बजावायच्या. "सोडायला शिका जरा." हे ऐकून पेपराआडून काका खोकायचे. काका बस चालवायचे. रस्त्यावर ते कुणाच्या बापाला ऐकत नसत, पण घरात आजवर एक वाद जिंकले असतील तर शपथ. चहात साखर कमी आहे म्हणावं, तर गेल्या महिन्यात जास्त झाली म्हणून कोण कुरकुरलं होतं, इथपर्यंत काकूंकडे उत्तर तयार.

या काकांचा राखाडी स्वेटर मात्र गेल्या थंडीपासून गळ्यावाचून कपाटात पडला होता. शनिवारी त्यांची बसवरची शेवटची फेरी होती, आणि त्या दिवशी तोच घालायचा त्यांचा हट्ट होता. सगळा जन्म पहाटेच्या थंडीत मफलर गुंडाळून काढला, निदान शेवटच्या दिवशी बायकोच्या हातचं अंगावर असावं, एवढंच. "करते हो," काकू म्हणायच्या, आणि तेवढ्यात दारात कुणीतरी पिशवी घेऊन उभी.

गुरुवारी दुपारी काकू कुणाचा तरी गळा पोचवून परतल्या, तर काका स्वेटर घालून आरशासमोर उभे. गळा झाला होता. म्हणजे मानेभोवती विदूषकासारखी झालर उभी राहिली होती.

"हे कुणी केलं?"

"मी."

काकूंनी जवळ जाऊन कडेवरून बोट फिरवलं. "अहो, एकही ओळ सोडली नाहीत."

"तुझंच बघून शिकलो," काका म्हणाले. "तू माझं एक तरी सोडतेस का?"

काकूंना आधी हसू फुटलं आणि मग फार वाईट वाटलं. दुनियेचे गळे निस्तरले, आणि घरचा माणूस स्टेअरिंग धरून राठ झालेल्या बोटांनी एकटा सुयांशी झटत बसला होता. "काढा तो," एवढंच त्या म्हणाल्या. शेजारणींच्या पिशव्या त्यांनी पायानेच पलंगाखाली सरकवल्या आणि झालर उसवायला घेतली. दुसऱ्या दिवशी दाराची बेल वाजली, तर "आज नाही" असं आतूनच ओरडून सांगितलं.

शुक्रवारी संध्याकाळी काकांनी नव्या गळ्यातून डोकं बाहेर काढलं. पट्टी मानेला अलगद बसली होती. त्यांनी आरशात मान इकडे वळवली, तिकडे वळवली.

"जरा घट्ट वाटतोय," ते म्हणाले.

घट्ट अजिबात नव्हता. काकूंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते त्यांनी सोडून दिलं.