आई कोळशाची, लेक उन्हाची

डोझरकाकूंना हे नाव पडलं तेव्हा त्या जेमतेम पंचविशीच्या होत्या आणि काकू म्हणवून घ्यायला त्यांचा साफ विरोध होता. पण वीज प्लँटच्या कोळशाच्या यार्डात एकदा नाव पडलं की ते भुकटीसारखं अंगाला चिकटतं, घासून निघत नाही. आता पन्नाशी ओलांडल्यावर कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर त्या मागे वळूनही पाहत नाहीत.

यार्डात त्या आल्या झाडूवाली म्हणून. बॉयलरकडे जाणाऱ्या सरकत्या बेल्टवरून सांडलेला कोळसा गोळा करायचा आणि परत बेल्टवर टाकायचा, एवढंच काम. कोळशाचा ढीग सारणाऱ्या डोझरवर तेव्हा एक आडदांड ड्रायव्हर होता. जेवण झालं की त्याला डुलकी लागायची आणि डुलकी लांबली की साहेबांच्या शिव्या खाव्या लागायच्या. त्याने यावर तोड काढली, काकूंना डोझर शिकवला. सोय केली स्वतःच्या झोपेची आणि नशीब उघडलं काकूंचं. तो निवृत्त झाला तेव्हा साहेब नवा माणूस शोधायला लागले. काकू कुणाला न विचारता डोझरवर चढल्या आणि ढिगाचा एक अवघड उतार असा काही नीट करून दिला, की साहेबांनी शोध थांबवला. हा किस्सा त्या आजही सांगतात आणि दर वेळी उतार थोडा जास्त अवघड होतो.

कोळशाचा ढीग दिसतो तितका गरीब नसतो. सैल राहिला, आत हवा शिरली, की तो आपोआप तापतो आणि आतल्या आत पेटतो. म्हणून त्याच्यावरून डोझर फिरवून फिरवून त्याला घट्ट दाबून ठेवायचं. तरीही कुठे तापलाच, तर तेवढा भाग उकरून काढायचा, पातळ पसरायचा, निवू द्यायचा आणि पुन्हा दाबायचा. नवा माणूस हमखास पाण्याचा पाइप घेऊन धावतो. वरचा धूर बसला की तो खूश होतो आणि आत आग आपली निवांत पसरत राहते.

यार्डात एक नियम होता, तो कुठल्याही पाटीवर लिहिलेला नव्हता. धूर दिसला की ओरडायचं. साहेब जेवायला बसलेले असोत, पाहुणे आलेले असोत, ढीग आपल्याच हातून सैल राहिलेला असो. आधी ओरडायचं, चूक कुणाची ते मागाहून बघू. एकदा एकाने धूर पाहिला आणि तो गप्प बसला, कारण तो उतार त्याच्या मेहुण्याने दाबलेला होता. त्या दिवशी अख्खा बेल्ट जळाला. बेल्ट नवा आला, पण त्या माणसाच्या शेजारी बसून कुणी डबा उघडेना. सगळ्यात शेवटी त्याच्याशी बोलायला लागल्या त्या काकू, आणि तेही त्याच्या बायकोकडे बघून.

घरी काकूंचा नवरा शिंपी. त्याच्या मशीनवर कायम कुणाची तरी पांढरी कापडं असायची, म्हणून काकूंना मागच्या दाराने यावं लागे आणि हातपाय धुतल्याशिवाय पुढच्या खोलीत मज्जाव असे. “अख्ख्या शहराला उजेड देते मी आणि माझ्याच घरात चोरासारखी शिरते,” असं त्या म्हणायच्या. नवरा मान न उचलता म्हणायचा, “उजेड दे, पण कॉलरला हात लावू नकोस.” या दोघांची एकुलती एक लेक विजेचं तंत्रशिक्षण घेऊन कामाला लागली, ती नेमकी प्लँटच्या कुंपणापलीकडे. प्लँटची राख जिथे वर्षानुवर्षं पडली होती तो माळ सपाट करून तिथे सौर पॅनेलं उभी राहिली होती. काकूंनी लेकीला बुटांचा नवा जोड घेऊन दिला, पण तिचं काम बघायला म्हणून कुंपण काही ओलांडलं नाही.

मग निवडणूक आली आणि प्लँटवर सगळ्यांचंच प्रेम उतू जायला लागलं. एक पक्ष म्हणे, प्लँटची एक वीट हलू देणार नाही. दुसरा म्हणे, धुराचे दिवस संपले, आता सगळं उन्हावर. दोन्हीकडचे पुढारी यार्डात येऊन फोटो काढून गेले. एकाने हेल्मेट उलटं घातलं होतं आणि ते सांगायचं कुणी, यावरून त्याच्या माणसांत बराच वेळ कुजबुज चालली होती. शेवटी प्लँट बंद करावा की चालू ठेवावा यावर नगर सभागृहात जाहीर सुनावणी ठरली. कामगारांच्या बाजूने बोलायला युनियनने काकूंना निवडलं. त्यांच्या आवाजाला माइक लागत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

दोन दिवसांनी कळलं की पॅनेलवाल्यांच्या बाजूने लेक बोलणार आहे.

युनियनचे सेक्रेटरी यार्डाच्या फाटकापाशी काकूंना गाठून म्हणाले, “काकू, लेकीला जरा आवरा. आई एक सांगतेय, मुलगी दुसरंच. लोक हसतील आपल्याला. शेकडो घरांचा प्रश्न आहे.”

“बघते,” काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चहा घेत बसल्या होत्या. लेक बुटांच्या नाड्या बांधत होती. तिच्या कानावर सगळं आलेलंच होतं.

“आई, तू म्हणशील तर नाही बोलत मी,” ती म्हणाली.

काकूंनी कपातला चहा फिरवला. नको बोलूस, असं त्या म्हणाल्या नाहीत. बोल, असंही म्हणाल्या नाहीत. नवरा मशीनवरून म्हणाला, “दोघी बोललात तर मी टाळ्या कुणाला वाजवायच्या?” पण कुणी हसलं नाही.

“बरं,” लेक म्हणाली आणि निघून गेली.

ही मुलगी लहानपणापासून भांडखोर. झोपायला सांगितलं तरी कारण विचारायची. तिच्या तोंडून असं मुकाट ‘बरं’ काकूंनी कधी ऐकलं नव्हतं, आणि ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं. डोझरवर बसल्यावरही मन थाऱ्यावर येईना. आपण काय केलं हे त्यांना चांगलंच कळत होतं. मेहुण्याचा उतार म्हणून गप्प बसलेल्या त्या माणसाला आपण इतके महिने वाळीत टाकलं, आणि आज आपल्या सोयीसाठी लेकीला तेच करायला लावलं. शरम वाटली त्यांना. पन्नाशीत आपल्याच वागण्याची शरम वाटणं वाईट, असं त्यांनी स्वतःलाच सुनावलं.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता त्या कुंपण ओलांडून पलीकडे गेल्या. पॅनेलांच्या रांगांमधून चालताना त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. ना आवाज, ना धूळ. लेक एका उघड्या पेटीसमोर उकिडवी बसून एकेक तार मीटरवर तपासत होती. हातमोजे घातलेले, कपाळावर घाम, आणि काम करताना ओठ मुडपायची सवय थेट आईची. काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. काम येणारा माणूस त्यांना लांबून ओळखू येतो, आणि या पोरीला काम येत होतं.

“आई? काय झालं?”

“बाकीची माणसं कुठे आहेत तुमची?”

“आहोत तेवढेच. आम्ही पाच जण आणि फाटकावरचा वॉचमन.”

“एवढ्या मोठ्या माळाला?”

“एवढ्या मोठ्या माळाला.”

“मग हे सांग तिथे,” काकू म्हणाल्या. “आणि बाकीचंही तुला वाटतं ते सगळं सांग. मी माझं बोलणार, तू तुझं बोल. माझ्याकडे बघून एक शब्द जरी गिळलास तर याद राख.”

लेकीने मीटर खाली ठेवला. “चिडशील तू.”

“चिडेन की. तो माझा प्रश्न आहे.”

जाताजाता काकूंनी सेक्रेटरींना निरोप धाडला की लेक बोलणार आहे आणि तिला आवरण्याची पद्धत आमच्या यार्डात नाही.

सुनावणीला सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. काकू माइकसमोर गेल्या आणि तो बाजूला सारून बोलायला लागल्या. “आम्हाला घाणेरडं काम करणारे म्हणतात. करतो. या घाणेरड्या कामावर तुमचे दवाखाने चालले, तुमच्या मुलांनी अभ्यास केले. त्याचे आभार आम्ही मागत नाही, पगार मिळाला. पण आता आम्हाला उचलून टाकणार असाल तर टाकणार कुठे, ते सांगा. माझ्या यार्डातल्या माणसांना डोझर येतो, बेल्ट जोडता येतो, आग आवरता येते. हे हात काय फेकून द्यायचे? जोवर उत्तर नाही, तोवर प्लँट चालू राहिला पाहिजे.” सभागृह दणाणलं. सेक्रेटरींचा चेहरा खुलला.

मग लेक उठली. काकूंची बोटं पदराच्या टोकात अडकून राहिली.

“प्लँट बंद होणार आहे,” लेक म्हणाली. “आत्ताच तो वर्षातले कित्येक महिने अर्ध्यावर चालतो. या निवडणुकीत कुणी काहीही वचन दिलं तरी ते होणारच आहे, आणि व्हायलाही हवं. आमच्या घरात दर उन्हाळ्यात खोकला असतो, तो कशाचा आहे हे आम्हाला माहीत आहे. पण आमच्या कंपनीचे लोक सांगतात की सगळ्यांना पॅनेलवर काम मिळेल, तेही खोटं आहे. आमच्या माळावर आम्ही पाच जण आहोत. म्हणून माझं म्हणणं असं, की युनियन चुकीची गोष्ट मागते आहे. प्लँट वाचवा म्हणण्यात वेळ घालवू नका. प्लँट चालू आहे तोवरच तुमच्या शब्दाला वजन आहे. कुणाला कुठलं काम, कुठलं शिक्षण, किती वर्षं पगार, हे आत्ता लेखी घ्या. बंद झाल्यावर तुमच्याशी बोलायला कुणी येणार नाही.”

मागून कुणीतरी ओरडलं, “आईच्या पगारावर शिकली आणि आईच्याच पोटावर पाय देतेय.” आणखी दोघांनी री ओढली. लेक थांबली. तिची नजर आईकडे वळणार तोच काकू उठून उभ्या राहिल्या आणि मागे वळल्या.

“पगार माझा, पोट माझं, लेक माझी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही खाली बसा. बोल गं तू.”

लेक पुढचं सगळं बोलली, एक शब्द न गिळता. युनियनला लागतील असे चार शब्द आणि स्वतःच्या कंपनीला लागतील असे सहा. सेक्रेटरी खाली मान घालून काहीतरी लिहून घेत होते. काय लिहिलंत म्हणून विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं नसतं. काकूंना राग येत होता, मधेमधे तर चांगलाच, आणि त्याच वेळी छाती अशी भरून येत होती की पदर नीट करण्याच्या निमित्ताने त्यांनी दोनदा डोळे टिपले. तिचे वडील भिंतीशी उभे होते. त्यांनी दोघींच्या भाषणांना सारख्याच टाळ्या वाजवल्या.

शेवटी सुनावणीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, “काकू, मुलीचं ऐकून तुमच्या म्हणण्यात काही बदल करायचा आहे का?”

“नाही. प्लँट चालू राहिला पाहिजे. तसंच लिहा.”

कोपऱ्यातल्या टायपिस्टने तसं लिहिलं.

“आणि त्याच्या खाली लिहा,” काकू म्हणाल्या, “की आत्ता जी बोलली ती माझी मुलगी आहे.”

टायपिस्टने मान वर केली. “त्याची गरज नाही, काकू. निवेदनात नातं घालत नाहीत.”

“तुम्हाला नसेल गरज,” काकू म्हणाल्या. “मला आहे. लिहा.”