काटेखालाची पैज

काटेखाला झाडाशी आधी हात मिळवायची. डोळे मिटून तळहात खोडावर ठेवायचा, आणि काटा टोचला की माहेरचे कुणी भेटल्यासारखा चेहरा उजळायचा. उर्दू शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली ही बाई चिकलठाण्याच्या आमच्या कॉलनीत राहायची. आम्हा पोरांची ती खाला, म्हणजे मावशी; तिचे खरे नाव फक्त पोस्टमनला ठाऊक होते.

"आधी साल, मग पान, मग फूल," हा तिचा क्रम. कुणी नुसते 'काटेरी झाड' म्हटले की ती चिडायची. "काटा लई जणांना असतो बेटा. निघतो कुठून, ते बघ." बोरीचा पानाच्या बुडाशी, सावरीचा थेट सालीतून, हे तिने मला हात ओरबाडून घेत शिकवले.

एकदा कॉलनीच्या बैठकीत ठरले, पाण्याच्या टाकीजवळचे वठलेले काटेरी झाड तोडून यंदा त्याचीच होळी करायची. मी चळवळीतल्या घरात, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून अभ्यास केलेली मुलगी. तिथल्या तिथे 'वृक्षहत्येचा जाहीर निषेध' खरडला. खालाने चष्मा कपाळावर सरकवून तो वाचला. "कुणाची हत्या? नाव कुठंय? ज्याची बाजू घेतेस, त्याची साल तरी बघ."

करड्या सालीवर शंकूसारखे जाड काटे होते. बुडाशी वाळके पान पडले होते, एकाच देठाला पंजासारख्या पसरलेल्या पाच पात्या. "काटेसावर," खाला म्हणाली. "मेली नाय. नटायच्या आधी जुने कपडे उतरवून बसलीय." आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतकी हसली, की टाकीवरची कबुतरे उडाली.

कॉलनीच्या अध्यक्षकाकांना मात्र पुरावा हवा होता. खालाने पैज लावली. "होळीआधी फूल नाय आलं, तर पहिला घाव माझा. आलं, तर तुम्ही ते कानावर खोवून कॉलनीभर फिरायचं."

फांद्यांवर कळ्यांच्या काळपट गोळ्या धरल्या, पण उमलायचे नाव घेईनात. कुऱ्हाडीला धार लागली. मी दुसरे पत्रक छापले, त्यात झाडाचे नाव मोठ्या अक्षरात. होळीच्या आदल्या सकाळी खाला आमच्या दारात उभी, पायांत दोन वेगळ्या चपला. धावत गेलो. एकही पान नसलेल्या फांदीवर तळहाताएवढी, जाड पाकळ्यांची लालभडक फुले, आणि त्यांत चोची खुपसून मैना-कावळ्यांचा नुसता दंगा. एक फूल धप्पकन अध्यक्षकाकांच्या स्कूटरवर पडले.

काका शब्दाला जागले. फूल कानावर ठरेना, तेव्हा खालाने आपल्या ओढणीची पिन काढून ते त्यांच्या टोपीला टाचले. पुढे नवरदेवासारखे काका, मागे टाळ्या पिटणारी खाला आणि अख्खी कॉलनी. होळी गोवऱ्यांची झाली.

एप्रिलमध्ये खाला मुलीकडे नांदेडला कायमची गेली. मे महिन्यात सावरीची बोंडे फुटली आणि कापूस घराघरांत उडाला. तो वेचून काकांनीच उशी शिवून घेतली आणि तिला पाठवली.

तिचा फोन आला. उशी मऊ आहे, काकांना शुक्रिया सांग, म्हणाली. मग हळूच विचारले, "सध्या पत्रक कुणासाठी?"

मुकुंदवाडीच्या भाजीवाल्या बायकांना जागेवरून उठवताहेत, त्यांच्यासाठी, मी तावातावाने सांगितले.

"त्यांच्यात जाऊन बसलीस?"

"अजून नाही," म्हणत मी पेनाला टोपण लावले.

"आधी साल, बेटा."

पत्रक अर्धे लिहून झाले होते. मी ते तसेच टाकले आणि चपला शोधू लागले.