पप्पांचा डोझर

“मिलिटरीत कसला, माती ढकलायला होता त्यो.”

आमच्या फाट्यावरच्या हॉटेलात बाबूराव गिऱ्हाइकापुढं चहा ठेवता ठेवता माझ्या पप्पांविषयी बोलले. मी नोकरीसाठी पुण्याला निघाले होते आणि पप्पा माझी बॅग एसटीत चढवत होते. त्यांनीही ऐकलं असणार. ते एवढंच म्हणाले, “खिडकीपाशी बस, पिंकी. तुला मळमळतंय गाडीत.”

जळकोट मागं पडलं तरी बाबूरावांचं बोलणं डोक्यातून जाईना.

पप्पा सरहद्दीवर डोंगर फोडून रस्ते करणाऱ्या तुकडीत डोझर चालवायचे. सुट्टीवर यायचे तेव्हा ओठांची सालं निघालेली असायची. त्यांच्याच पगारावर मी धाराशिवच्या इंग्रजी शाळेत शिकले. तिकडचं त्यांनी एकदाच काहीतरी सांगितलं. दरड कोसळून त्यांचा जोडीदार खाली गाडला गेला. पप्पांनी डोझर बंद केला. “पातं लागलं असतं की त्याला,” म्हणाले. मग सगळ्यांनी हातांनीच दगड उपसले. माणूस सापडला, पण जिवंत नाही.

पुण्यात फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, भाजी ॲपवर येते. शेजारच्या दाराआड कोण राहतं, ठाऊक नाही. तुम्हीही गाव सोडलं असेल तर तुम्हाला कळेल, लांबून गाव गोड लागायला लागतं. डब्यातलं गावाकडचं ज्वारीचं पीठ संपत आलं की मला फाटा आठवायचा, अगदी बाबूरावांसकट.

म्हणून या जानेवारीत चुलतभाऊ सागरचा फोन आला, “पिंके, मंडळ काकांचा सत्कार करतंय, ये,” तेव्हा मी हरखून आले.

सत्काराच्या आदल्या संध्याकाळी मंडळानं देवळापुढं पडदा लावून जुना ब्लॅक अँड व्हाइट इंग्रजी युद्धपट दाखवला. सागर म्हणाला, काकांच्या खात्यावरचाच आहे. बेटावर धावपट्टी बांधणारे मजूर हातात बंदुका घेतात आणि बुलडोझर शत्रूवर घालतात. पोरं शिट्ट्या मारत होती. पडद्यावरचा हिरो समोरच्या माणसांना किड्यामुंग्यांसारखं काय काय म्हणत होता, ते तिथं फक्त मला कळत होतं. इतका पैसा घालून शिकलेलं इंग्रजी असल्या शिव्या समजायला कामी आलं. मजूर राबत होते तोवर लोक शेंगा फोडत गप्पा मारत होते. माणसं मरायला लागली तशी सगळे पुढं सरकून बसले. मला किळस आली.

पिक्चर संपल्यावर सागर पप्पांना बिलगला. “काका, तुमीबी दोन-चार चिरडले असतीलच की!”

“न्हाय रे. आमी रस्ता करत होतो.”

“आवं, सांगायला काय जातंय? कोण बघायला येतंय तिकडं?”

पप्पा घरी येऊन जेवले नाहीत. “पिंकी, उद्या जायलाच पायजे का?” त्यांनी विचारलं. मी नुसतं त्यांचं ताट झाकून ठेवलं.

सकाळी स्टेजवर त्यांच्या खांद्यावर शाल पडली आणि सागर माइकवर ओरडला, “आपल्या काकांनी डोझर घालून दुश्मन चिरडला!” टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिली शिट्टी बाबूरावांची. पप्पा स्वतःच्या गुडघ्यांकडं बघत होते. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांचा आवाज कुणापर्यंत पोचला नाही.

इतकी वर्षं हा माणूस यांच्या लेखी माती ढकलणारा होता. एक खोटा खून अंगाला चिकटवला तेव्हा कुठं तो शालीच्या लायकीचा झाला. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून मी याच लोकांची आठवण काढायचे, याचीही मला शिसारी आली. माझं घर या मंडपात नव्हतं, पुण्यातही नव्हतं. ते त्या खुर्चीत मान खाली घालून बसलं होतं.

शाळेत वर्गात उभं राहून कविता म्हणायलाही मी घाबरायचे. तरी बायकांमधून उठून मी स्टेजवर गेले. सागरला वाटलं, मला बापाचं कौतुक करायचंय. त्यानं हसत माइक दिला.

“पप्पांनी कुणालाच चिरडलं नाही,” मी म्हणाले. “दरडीखालच्या माणसाला पातं लागू नये म्हणून त्यांनी डोझर बंद केला होता. ते रस्ता करायला गेले होते, आणि त्यांनी रस्ता केला. पप्पा, ती शाल इथंच राहू द्या. चला, घरी जाऊ.”